अक्काचं इमान

आकाशातून विमान जाऊ लागलं की आमच्या सासूबाई बोलणं थांबवायच्या. एक बोट वर, ओठ मिटलेले. घरघर ओसरली की जिथं वाक्य तोडलं होतं, त्याच्या पुढच्याच शब्दापासून चालू. बिदरच्या आभाळात सरावाची विमानं सदा घिरट्या घालत असल्यामुळे त्यांचा राग हप्त्याहप्त्यानं मिळायचा. अख्खं हळ्ळीखेड त्यांना अक्का म्हणे. जावई असून मीही अक्काच म्हणायचो. त्या गावात माझी वेगळी ओळख अशी कधी तयारच झाली नाही.

त्यांना तीन भाषा येत. देवाशी कन्नड, परक्या माणसाशी दख्खनी आणि राग आला की मराठी. माझ्याशी त्या मराठीतच बोलत.

त्या वर्षी येळवसीला मी बिदरच्या मैलूरमधलं माझं स्टेशनरीचं दुकान बंद ठेवून सहकुटुंब रानात गेलो होतो. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारायची, आत पूजा मांडायची आणि शेंगा-भाज्यांची भज्जी आणि आंबील खायची. त्या दिवशी रानात पाय ठेवणारा कुणीही जेवल्याशिवाय जात नाही. कोप मी उभारतो, असं मीच म्हणालो. वह्यांचे गठ्ठे रचणाऱ्याला कडब्याच्या पेंढ्या अवघड नसाव्यात, असा माझा हिशेब. पूजा मांडून होते न होते तोच कोप आंबिलीच्या मडक्यावर बसली.

शेजारच्या रानातली काशव्वा धावत आली. अक्का तिला शांतपणे सांगू लागल्या, “आमचे जावई माणूस लई चांगले हायत. पण कामाचे—”

तेवढ्यात घरघर आली. बोट वर गेलं. एका इंजिनाचं, पार्सलं वाहून नेणारं छोटं विमान होतं. मी मनात म्हटलं, अजून वाक्य पुरं व्हायचंय, काहीही होऊ शकतं. विमानानं दोन उचक्या दिल्या आणि आवाज बंद झाला. अक्कांनी बोट खाली घेतलं.

“—न्हाईत.”

मग सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. आवाज गेला होता, पण विमान तिथंच होतं. घारीसारखं मुकाट चिंचेच्या शेंड्यावरून आलं, उभ्या तुरीत घुसलं आणि बांधावर पोट टेकून थांबलं. पार्सलं फुटून मोबाईलची जांभळी कव्हरं रानभर झाली. पुढं वर्षभर गावातला प्रत्येक फोन जांभळा होता; कुणी कुणाला विचारलं नाही.

पायलटाचा पाय मोडला होता. जोसेफ त्याचं नाव, अक्कांनी त्याचा जागच्या जागी जोशप्पा केला. बाजेवर पडून तो सारखा ‘इंजिन गेलं, इंजिन गेलं’ म्हणत होता. अक्का त्याच्या तोंडाला आंबिलीचा पेला लावत म्हणाल्या, “पैले पी रे. इंजिन किदर जाता भागके.” मग अँब्युलन्सवाले आले, जेवले. पोलीस आले, जेवले. अग्निशामक दलाला विझवायला काही मिळालं नाही, त्यांनी दोनदा वाढून घेतलं. चॅनेलवाल्यानं माईक पुढं करून अक्कांना विचारलं, कसं वाटतंय? अक्कांनी त्याला विचारलं, भज्जी कशी झालीय?

खरी पंचाईत पुढं झाली. विमानाच्या मालकांचं म्हणणं, इंजिन ठणठणीत होतं. रानात सणाची गर्दी दिसली म्हणून पोरगं गंमत बघायला खाली आलं. चौकशीत हे टिकलं असतं तर जोशप्पाचं लायसन गेलं असतं आणि पोटापाण्याचा धंदाही. ते टिकावं म्हणून मालकांचा माणूस बूट काढून अक्कांच्या ओसरीवर बसला. शुद्ध मराठीत म्हणाला, “आजी, विमान घरघर करतच पडलं, एवढंच सांगायचं. विहिरीवर नवी मोटार बसवून देऊ.”

मला ते पटलं. मोटारीसाठी नव्हे. खरं सांगायचं तर चौकशीत अक्कांना माझ्याबद्दलचं ते अख्खं वाक्य सांगावं लागणार होतं. मी म्हणालो, वयामुळं ऐकण्यात चूक होते कधी कधी. पडलेल्या कोपीकडे पाहिलं होतं, तसं अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे वळल्या.

“इमान पडलं ते पडलं. आता माझं इमान कामून पाडायलास?”

आमच्याकडे विमानालाही इमान म्हणतात आणि सचोटीलाही. दोन्ही लांबूनच दिसत असल्यामुळे फारसा घोटाळा होत नाही. त्या माणसानं मला अर्थ विचारला. मी सांगितला. मोटारीचा विषय पुन्हा निघाला नाही.

बिदरला चौकशी झाली. आधी इंजिन बंद पडलं कशावरून, असं साहेबांनी विचारताच अक्कांनी वाक्य म्हणून दाखवलं, बोटासकट. साहेब काटेकोर. नेमकं कोणत्या शब्दावर, हे त्यांनी परत विचारलं आणि लिहून घेतलं: ‘जावई कामाचे’ व ‘नाहीत’ यांच्या दरम्यान इंजिन बंद पडले, ‘नाहीत’ म्हणतेवेळी विमान हवेत होते. मग जावई हजर आहेत का, म्हणाले. मी उभा राहिलो. “हे खरं आहे?” मी म्हणालो, होय साहेब. काशव्वानंही साक्ष दिली आणि माझ्याबद्दल पदरची दोन वाक्यं जास्त घातली.

जोशप्पा सुटला. काठी टेकत अक्कांच्या पाया पडायला आला आणि आनंदानं सांगू लागला, पुढच्या महिन्यापासून पुन्हा उडणार. अक्कांचा चेहरा उतरला. “उडना छोड, बस चला रे बेटा,” त्या म्हणाल्या. “बंद पडी तो उतरके ढकेल सकते.” तो हसला, मीही हसलो. अक्कांनी त्याची काठी काढून घेतली आणि त्यानं हो म्हणेपर्यंत दिली नाही.

पुढं जोशप्पा परत उडू लागला आणि अक्का अंथरुणाला खिळल्या. मी दर रविवारी जायचो. जोशप्पा कुठली गाडी चालवायलाय, असं त्या दर वेळी विचारायच्या. मी सांगायचो, गाणगापूरची.

“देवाची लाईन हाय,” म्हणायच्या, आणि डोळे मिटून पडायच्या.