पाटी तापली तेव्हा

२०२४ साली मला पंचाहत्तरावं चालू होतं. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, म्हणजे चौथीच्या वर्गात बसलो. पास झालो असं काही नाही. पण चाळीस वर्षं मासेमारीच्या लाँचवर तांडेल होतो. सुकाणू माझ्या हातात आणि खलाशांचा जीव माझ्या डोक्यावर. एकदाही वाट चुकून भलत्या बंदराला लागलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी एक फजिती येणार आहे.

त्या मे महिन्यात नात आठ दिवसांसाठी मांडवीला घरी आली. ती घाटावर एका शाळेत विमान चालवायला शिकते. आली ती गप्प. ताटात सुरमईचा मधला तुकडा पडला तरी गप्प, तेव्हा मी ओळखलं.

"काय गो, विमान पाडलंस काय?"

"नाही आबा. टॅब बंद पडला."

टॅब म्हणजे ती काळी पाटी. आमच्या वेळच्या पाटीएवढीच, फक्त पेन्सिल लागत नाही. विमानात ती पट्ट्याने मांडीवर बांधतात आणि तिच्यात नकाशा बघत जातात. विमान लहान, दोघांचं. वर सगळी काच. जमिनीवर आपली पाळी येईपर्यंत उन्हात थांबायचं, आत भट्टी. परीक्षेच्या दिवशी पाटी तापली, वर उडाल्यावर मधेच काळी झाली आणि तिच्यावर अक्षरं आली, की मी गरम झाले आहे, गार झाल्यावर बघू. पोर घाबरली. कागदाचा नकाशा होता, पण घडी करून सीटमागे. तो ओढेपर्यंत आपण कुठे आहोत तेच कळेना. शेजारी बसलेल्या सरांनी विमान आपल्या हातात घेतलं, आणि परीक्षा तिथेच संपली.

"मग परत द्यायची," मी म्हटलं.

"पुढच्या आठवड्यात देणार. पण आता राहिली तर पावसाळा लागेल. मग एकटीने लांब जायची परवानगी थेट दिवाळीला. बाकीचे सगळे पुढे जातील, आबा."

हे मला कुणी समजावून सांगायला नको. हंगाम चुकला की काय होतं ते लाँचवाल्याला विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिने घरापुढच्या खळ्यात प्लॅस्टिकची खुर्ची टाकली. भर उन्हात बसली, मांडीवर पाटी बांधली आणि पायाने नसलेले खटके दाबत, हाताने नसलेला दांडा धरून एकटीच बोलायला लागली. विमानवाले असाच सराव करतात म्हणे. शेजारीण कुंपणाच्या दगडी गडग्यावरून डोकावली.

"पोरीला ऊन बाधलं काय हो?"

"विमान चाललंय," मी म्हटलं, "बाजूला व्हा."

अर्ध्या तासात पाटी पुन्हा काळी झाली. नात पाटी खुर्चीवर टाकून पाणी प्यायला आत गेली. मी हात लावला तर तव्यासारखी. आता मी आयुष्यभर काय केलं? उन्हात नासणारी वस्तू गार ठेवली. पडवीत थर्माकोलची पेटी होती, सकाळचे बांगडे बर्फात. मी बांगडे बाजूला सारले, प्लॅस्टिकच्या पिशवीत पाटी गुंडाळली आणि नीट बर्फावर ठेवली. वर चार बांगडेही ठेवले, दाबून राहावी म्हणून.

नात बाहेर आली. "आबा, माझा टॅब?"

"गार होतोय."

"कुठे?"

मी पेटी दाखवली. तिने जी किंकाळी फोडली ती मांडवीच्या जेटीपर्यंत गेली असणार. पाटी काढली तर वर पाणी, कॅमेऱ्याच्या काचेत आतून धुकं.

"यात ढग शिरलेत आबा! बर्फ लावायचा नाही म्हणून सर पहिल्या दिवशी सांगतात. तापलेलं एकदम थंड केलं की आत घाम सुटतो. नुसतं सावलीत ठेवायचं, चार्जिंग काढायचं, उजेड कमी करायचा, वारा लागू द्यायचा."

"मग ते आधी सांगायचं होतंस."

"तुम्ही विचारलंत कधी?"

तिची आई, म्हणजे माझी सून, स्वयंपाकघरातून हसत होती. मी पान लावायला बसलो. संध्याकाळी ढग आपोआप गेले, पाटी चालू झाली. वास मात्र गेला नाही. वरचं जाड काळं कव्हर होतं, त्यात बांगडा मुरला होता. तिने ते धुतलं, वाळत घातलं, हुंगलं आणि ओट्याखाली फेकून दिलं.

चूक कबूल करायची माझी पद्धत नाही. पण रात्रीच्या जेवणाला मी तिच्या शेजारी बसलो आणि विचारलं, "पाटी विझली तेव्हा बाहेर खाली काय दिसत होतं?"

तिने माशाचा काटा ताटाच्या कडेला काढून ठेवला.

"तळं? डोंगर? कसलं धुराडं?"

"माहीत नाही," ती हळूच म्हणाली. "मी टॅबमध्येच बघत होते."

"मग तू वाट पाटी विझल्यावर चुकली नाहीस. आधीच चुकली होतीस. पाटीने फक्त सांगितलं."

मुलगा समोर जेवत होता. आता लाँच तोच चालवतो, तेही समोरच्या यंत्रात ठिपका बघून. त्यावरून आमचं जुनं वाजलेलं आहे. देवळाचा कळस दीपगृहाच्या डावीकडे सरकला की जाळं सोडायचं, या खुणा मी त्याला विशीत शिकवल्या होत्या. तो म्हणाला, "बाबा, वर आकाशात कसला कळस? तुमचे दिवस गेले."

"तू भात खा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी मास्तर. तिला विचारलं, पाटी नसली तर तुला नेमकं काय काय कळायला हवं? तिने बरंच सांगितलं, मी ते उपसत उपसत तिनावर आणलं. नाक कोणत्या दिशेला, किती मिनिटं, आणि मग खाली काय आलं पाहिजे. दिशेला विमानात होकायंत्र असतंच, आमच्यासारखंच. मिनिटांना घड्याळ. तिसऱ्याला डोळे. तिने सगळी वाट मोठ्या अक्षरांत एका पुठ्ठ्यावर उतरवली: तळं, रेल्वेचा पूल, साखर कारखान्याचं धुराडं, नदीचं वळण. पुठ्ठा दुसऱ्या मांडीला रबराने बांधला. पाटी तिच्या जागी राहू दे म्हटलं. चांगली चीज आहे ती. फक्त एकटीला मालकीण करू नये.

माझं काम एकच. तिचा सराव चालू असताना कधीही माझी टोपी पाटीवर टाकायची. मी दहा मोजायच्या आत तिने तिन्ही गोष्टी बोलायच्या, आणि दर वेळी आधी मान वर करून बाहेर बघायचं. तिथे बाहेर म्हणजे आमचा फणस आणि शेजारणीच्या गोधड्या, पण बघायचं.

पहिल्या दिवशी टोपी पडायच्या आत तिची उत्तरं यायला लागली. मला वाटलं, रक्तातच आहे.

"कसलं रक्त! तुम्ही आधी खोकता, आबा."

"मी खोकत नाही."

"खोकता. फणस चोरायला आल्यासारखे."

मग मी खोकला गिळायला शिकलो. फार त्रासाचं काम. चौथ्या दिवशी उलटं केलं, मुद्दाम खोकलो आणि टोपी टाकलीच नाही. तरी तिने सगळं घडाघडा म्हटलं. वर म्हणाली, "टाका की आता, लाजताय कशाला?"

आठव्या दिवशी ती गेली. कव्हर न घालता, उघडीच पाटी घेऊन.

परीक्षेच्या दिवशी मी सकाळपासून खळ्यातल्या त्याच खुर्चीवर बसलो होतो. सून दोनदा दारात आली. "मामंजी, आत या. तुम्ही तापलात तर कुठल्या पेटीत ठेवू?" मी उठलो नाही. खुर्ची फक्त फणसाच्या सावलीत ओढली. साडेबाराला फोन वाजला.

"आबा, सर खोकले!"

"आँ?"

"अहो, वर गेल्यावर सर खोकले आणि माझी मान आपोआप वर गेली. खाली तळं मागे पडत होतं. मी दिशा सांगितली, चार मिनिटं सांगितली, पुढे रेल्वेचा पूल येईल म्हटलं. सर म्हणाले, मी अजून काही केलेलंच नाही! टॅब झाकायला त्यांनी हात नुसता उचलला होता. मग त्यांनी खरंच झाकला आणि खाली उतरेपर्यंत उघडला नाही."

"पूल आला?"

"चार मिनिटांत आला. पास झाले, आबा!"

मी तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग विचारलं, "आणि पाटी? तापली?"

"नाही. उतरल्यावर बघितली तर चालूच होती. सर म्हणाले, ते जाड कव्हर काढलंस ते बरं केलंस, त्यानेच कोंडून तापत होती."

"म्हणजे माझ्या बांगड्यांनी..."

"आबा, आता हे गावभर सांगू नका!"

संध्याकाळपर्यंत मी पाच घरी सांगून आलो होतो.

मुलगा लाँच लावून घरी आला. लेक पास झाली म्हणून त्याने पेढे आणले होते, पहिला माझ्या हातावर ठेवला. पण तोही माझाच मुलगा. पेढा खाता खाता म्हणाला, "पाटी चालूच होती ना? मग पुठ्ठा हवाच कशाला, हे काय मला कळलं नाही."

मी दुसरा पेढा उचलला.

दुसऱ्या दिवशी उजाडायला मी त्याच्या आधी बंदरावर जाऊन लाँचवर बसलो. किती वर्षांनी, ते मोजलं नाही. तो बघतच राहिला. किनारा मागे बारीक होऊ दिला. मग उठलो, खोकला पुरता गिळला, डोक्यावरची टोपी काढली आणि त्याच्या यंत्रावर ठेवली.

"हां, तांडेल," म्हटलं, "आता सांग, कुठे आहोत?"