साडूभाऊंच्या उजव्या पायाचा अंगठा

आमच्या साडूंच्या मते या पृथ्वीतलावर मोठ्या संकटाने कधीच कुणाचं वाटोळं झालेलं नाही. जे काही वाटोळं होतं ते लहानसहान गोष्टींनी होतं, आणि त्यातही माणूस फुटबॉल खेळून पोट भरणारा असेल तर ते पायाच्या अंगठ्याने, घोट्याने, नाहीतर पोटरीने होतं. एखाद्या खेळाडूचं हाड मोडलं, त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं, की साडूंचा जीव भांड्यात पडतो. "आता त्याला कोणी खेळ म्हणणार न्हाई," ते समाधानाने सांगतात. "आपरेशन करतील, सहा महिने झोपवतील, बराबर ठणठणीत करून परत आणतील. पण तो बघा, आठ नंबरवाला. पडला, उठला, पाय झटकला अन् पळायला लागला. गेला बिचारा." आणि खरोखरच कुणीतरी गेल्यासारखे ते दोन मिनिटं गप्प बसतात.

साडूंचं मंठ्याला पाईप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. परदेशातल्या मॅच ते दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान झाडून झालं की मोबाइलवर पाहतात, तेही आवाज बंद करून. कारण समालोचक चेंडूबद्दल बोलत असतात आणि साडूंना चेंडूत काडीचा रस नाही. ते पाय पाहतात. गोल झाला तरी कुणी केला हे त्यांना सांगता येत नाही, पण गोल करणाऱ्याने उडी मारल्यावर कोणता पाय आधी टेकवला ते महिनाभर लक्षात राहतं. गिऱ्हाईक समोर दोन इंची एल्बो मागत उभं असतं आणि साडू त्याला हाताने थोपवून म्हणतात, "थांबा जरा, याची टाच टेकून न्हाई राह्यली." एकदा माझ्यासमोर त्यांनी एका परदेशी क्लबातल्या ऐन भरात असलेल्या खेळाडूकडे बोट दाखवून सांगितलं, की हा दोन हंगामांत बाकावर बसणार. मी हसलो. दोन हंगामांनी तो बाकावर बसला. पेपरात आलं, की त्याचा फॉर्म हरपला. मी ही बातमी साडूंना मोठ्या आदराने फोनवर वाचून दाखवली, तर ते माझ्यावरच भडकले. "फॉर्म काय खिशातून पडत असतो काय पाव्हणं? अंगठा दुखला म्हणून पाय तिरपा टाकला. तिरपा टाकला म्हणून दुसऱ्या गुडघ्यावर भार आला. गुडघा सांभाळता सांभाळता मांडीची शीर धरली. मंग चेंडूपाशी अर्ध्या पावलानं उशिरा पोचला. अर्धं पाऊल गेलं की पगारी खेळाडूची नोकरी गेली. त्याला लोक फॉर्म म्हणतात!"

'किरकोळ दुखापत' हे दोन शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. दुकानाच्या पाटीवर 'घाऊक व किरकोळ विक्रेते' असं रंगवलेलं होतं, तेसुद्धा त्यांनी पेंटरला बोलावून 'घाऊक व इतर' असं करून घेतलं. इतर म्हणजे काय, हे आजवर कुणाही गिऱ्हाईकाला कळलेलं नाही.

एवढं सगळं त्यांनी दुकानात बसून केलं असतं तर आम्हा नातेवाइकांना काही त्रास नव्हता. पण साडू लग्नांना येतात. जाफराबादला आमच्या एका चुलत मेहुणीचं लग्न होतं. नवरदेव गाडीतून उतरून मांडवाकडे निघाला आणि साडू माझ्या कानाशी लागून म्हणाले, "नवरदेव डाव्या पायावर भार देऊन न्हाई राह्यला." ते कुजबुजले खरे, पण तरुणपणी मैदानावर ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा झालाय की त्यांची कुजबुज तीन रांगांना ऐकू जाते. चौथ्या रांगेत नवरदेव जन्मापासून अधू होता. बायकांच्या बाजूला पोचेपर्यंत त्याच्या पायात सळई निघाली. शेवटी नवरीच्या मामांनी नवरदेवाला पडद्यामागे नेऊन अनवाणी चालायला लावलं. तेव्हा कळलं, की नवा जोडा एक नंबर लहान आला होता. लग्न लागलं, पण वरपक्ष जेवताना आमच्याकडे पाहत नव्हता. साडूंना त्याचं काहीच नाही. "आज जोडा चावला, सहा महिन्यांनी कंबर धरील," ते जिलबी मोडत म्हणाले. "तवा मला म्हणू नका."

माझ्यावरही त्यांची कृपा झालेली आहे. जालन्याच्या स्टँडवर बसमधून उतरताना माझा पाय जरासा मुरगळला. बायकोने हे सहज म्हणून बहिणीला फोनवर सांगितलं, आणि दुपारी दोनच्या आत साडू मंठ्याहून दारात हजर. एका हातात पट्ट्या, दुसऱ्या हातात बर्फाने भरलेला थर्मास. त्यांनी माझा पाय उशीवर चढवला, मला अंगठा हलवायला लावला, मान हलवली आणि माझ्या हेडमास्तरांना फोन करून मला तीन आठवडे मैदानाबाहेर ठेवण्याची सूचना दिली. मी शाळेत इतिहास शिकवतो, आणि तोही खुर्चीत बसून. "दाजी, यांना निमित्तच पाहिजे होतं," बायको म्हणाली. त्यावर साडू इतक्या गंभीरपणे म्हणाले, "ताई, निमित्त न्हाई भेटलं की माणूस खेळतो," की पुढचे तीन आठवडे तिने मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. मी सुखात होतो. साडूंविषयीचं माझं प्रेम त्याच काळातलं आहे.

या माणसाची चेष्टा आम्ही सगळेच करतो, पण त्याच्या मागचं कारणही आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. साडू तरुणपणी हैदराबादच्या एका क्लबात पगारी खेळाडू होते. दोन हंगाम खेळले, आणि कलकत्त्याच्या एका मोठ्या क्लबाकडून बोलणीही सुरू झाली होती. अशात एका मॅचमध्ये त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा मागे दुमडला. हाड नाही, रक्त नाही, थोडीशी सूज. डॉक्टर म्हणाले, काही विशेष नाही, तीन आठवडे पळू नका. म्हणून हे सुट्टी काढून गावी आले, तर गावाने सत्कार ठेवलेला. फेटा, शाल, श्रीफळ झालं आणि कुणीतरी म्हणालं, आता आमच्या पोरांबरोबर एक मॅच होऊन जाऊ द्या. ज्वारी काढलेल्या रानात, धसकटांतून मैदान आखून तयारच होतं. वडील पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी मुलाचा खेळ त्याआधी कधी पाहिला नव्हता. साडूंना अंगठा दुखतोय म्हणायची लाज वाटली. एवढ्या गावासमोर, डोक्याला फेटा असताना, अंगठा! ते पूर्ण वेळ खेळले, चार गोल केले, खांद्यावरून मिरवले गेले. अंगठा पुन्हा धड झाला नाही. पुढच्या हंगामात ते प्रत्येक चेंडूला अर्ध्या पावलाने उशिरा पोचू लागले. कलकत्त्याची बोलणी थांबली, हैदराबादच्या क्लबाने सोडून दिलं, आणि साडू मंठ्याला येऊन पाईप विकू लागले. मागच्या वर्षापर्यंत हा सगळा किस्सा ते एका वाक्याने संपवत असत: "त्या दिवशी न्हाई म्हणायची सोयच नव्हती."

आता मागच्या वर्षीचं सांगतो. साडूंची मुलगी मुक्ता ही दक्षिणेतल्या एका क्लबात करारावर खेळते. बापाची सगळी चपळाई तिच्यात उतरली आहे. तिला राष्ट्रीय संघाच्या निवड शिबिराचं बोलावणं आलं आणि त्याच आठवड्यात पोटरी किंचित ओढली गेली. शिबिराला महिना होता. डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली, म्हणून ती मंठ्याला आली. साडूंनी घराचा दवाखाना केला. जिन्याच्या पायरीशी खुर्ची टाकून ते स्वतः बसले, म्हणजे पोरगी वर जाऊ नये. आणि तेवढ्यात गावातल्या क्रीडाप्रेमी मंडळींनी तिचा सत्कार ठरवला.

साडूंनी मंडळींना दुकानात बोलावून बजावलं. "सत्कार करा. शाल द्या, फेटा बांधा. पण मॅच न्हाई. बिलकुल न्हाई." मंडळींनी शपथेवर होकार दिला. सकाळी दहाला कॉलेजच्या मैदानावर मांडव भरून गेला. मीही सहकुटुंब गेलो होतो. भाषणं झाली, फेटा झाला, आणि निवेदकाने माइकवर जाहीर केलं, की आता मुक्ताताई शाळेच्या मुलींबरोबर फक्त दहा मिनिटं मैत्रीपूर्ण सामना खेळतील. टाळ्यांचा कडकडाट झाला. मैदानावर अकरा पोरी नवे शर्ट घालून उड्या मारत होत्या. मुक्ता वडिलांकडे पाहू लागली. निवेदक हुशार होता. तो म्हणाला, "आता वडिलांनीच परवानगी द्यावी," आणि त्याने माइक साडूंच्या हातात दिला.

मी बायकोला म्हणालो, आता अर्धा तास तरी घरी जाता येत नाही. अंगठ्यापासून सुरुवात होणार. आमचे सगळे नातेवाईक खुर्चीत सावरून बसले. साडू उभे राहिले. त्यांनी प्रमुख पाहुण्यांकडे पाहिलं, पाहुण्यांनी हसून मान डोलावली. त्यांनी मांडवाकडे पाहिलं. कपाळावर घाम दिसत होता. आणि आमचे साडू, ज्यांनी माझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तराला तीन आठवडे पलंगावर निजवलं, ते माइकवर म्हणाले, "खेळ बेटा. इतके लोक आलेत. दहा मिनिटाचं तर हे."

माझा कानांवर विश्वास बसेना. मुक्ता उठली, तिने वडिलांच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाली, "माझी पोटरी दुखून राह्यली. मी आज खेळणार न्हाई. माफ करा." एवढं बोलून ती खाली बसली.

काही झालं नाही. निवेदक म्हणाला, ताईंनी लवकर बरं व्हावं, त्यांना शुभेच्छा. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. प्रमुख पाहुणे म्हणाले, बराबर आहे, तब्येत आधी. पोरी आपापसात खेळल्या, मुक्ता खुर्चीवर बसून त्यांना ओरडून सूचना देत राहिली, लोकांनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि सगळे आनंदाने घरी गेले. साडू मात्र पूर्ण वेळ मांडवातल्या एकेका चेहऱ्याकडे पाहत होते. कुणीतरी रागावेल, कुणीतरी नाक मुरडेल, म्हणून ते वाट पाहत होते. कुणीच रागावलं नाही.

मुक्ता तीन आठवड्यांनी पळू लागली, वेळेवर शिबिराला गेली आणि निवडली गेली. मंठ्यात पेढे वाटले गेले. पण मला आठवतो तो त्या दिवशीचा मांडव. खुर्च्या एकात एक रचल्या जात होत्या आणि साडू एका खुर्चीवर तसेच बसून होते. मी शेजारी जाऊन बसलो. मला त्यांची चेष्टा करायची होती, इतकी नामी संधी पुन्हा मिळणार नव्हती. पण त्यांच्याकडे पाहून मी तो बेत सोडला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "कोणी काहीच बोललं न्हाई हो."

"नाही."

मग अगदी हळू, पहिल्यांदाच खरोखर कुजबुजून त्यांनी विचारलं, "म्हंजे मी त्या दिवशी न्हाई म्हणलो असतो, तरी कोणी काही बोललं नसतं का?"

मी इतिहास शिकवतो. त्यांच्या गावची ती माणसंही मला माहीत आहेत. साधी, हसरी, पोराच्या कौतुकाने गोळा झालेली माणसं. साडूंचे वडील तर, माझ्या सासूबाई सांगत, पोराला काटा बोचला तरी जेवत नसत.

"छे हो साडूभाऊ," मी म्हणालो. "तो काळ वेगळा होता. गावाने तुम्हाला जगू दिलं नसतं."

"हां," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "जगू दिलंच नसतं."

हा प्रश्न त्यांनी मला त्यानंतर दोनदा विचारला आहे. दोन्ही वेळा मी हेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा विचारलं तरी हेच देणार आहे.