मागं राहिलेली पात

माझी लेक परभणीच्या कॉलेजात शिकते. स्त्रीवादावर बोलायला लागली की थांबत नाही, आणि मी तिला डिवचल्याशिवाय राहत नाही. "म्हणजे बायका पुढं आणि पुरुष मागं, एवढंच ना?" म्हटलं की ती चिडायची. "बाबा, यात शर्यत कुठून आली?" मी हसायचो. ऑफिसात तर चहाबरोबर आम्ही हाच विषय चघळायचो. स्त्रीवाद म्हणजे घरं फोडायचा धंदा, शिकलेल्या बायकांचं खूळ, रानात राबणाऱ्या बाईला त्याचं काय! हे शेवटचं वाक्य माझं.

गेल्या वर्षी आमच्या पेडगावच्या शेतात सोयाबीनची खुरपणी निघाली. रविवार होता, म्हणून देखरेखीला मीच गेलो. सहा बाया ओळीनं बसलेल्या. प्रत्येकीची एकेक पात, म्हणजे खुरपायचा आपापला पट्टा. त्यात एक नुकतीच बाळंतपणातून उठलेली पोरगी होती. लिंबाला झोळी बांधलेली. बाळ रडलं की ती उठायची, पाजून यायची. तिची पात पार मागं पडली. राग न आवरणं हा माझा जुना रोग. सगळ्यांदेखत ओरडलो, "जमत नसेल तर उद्यापासून येऊ नको!"

ती मान खाली घालून भराभर खुरपू लागली. तिच्या घरी कमावणारी ती एकटीच. मला ते ठाऊक होतं, तरी बोललो.

सगळ्यांत म्हातारी मावशी मात्र गप्प बसली नाही. "मालक, बांधावर बसून बोलायला काय जातंय? एक पात धरून बघा की. आन् उद्या ती न्हाई, तर आमीबी न्हाई."

मी तावातावानं खुरपं घेतलं. अर्ध्या तासात ताव उतरला. कंबर धरली, तळहाताला फोड आला, आणि ती पोरगी, मधे एकदा बाळाला पाजूनही, माझ्या कितीतरी पुढं.

बाकीच्या पाचजणी बांधाला पोचल्या. आता पाणी पितील, पाय पसरतील असं वाटलं. पण त्या तशाच वळल्या आणि समोरच्या टोकाकडून तिच्या पातीला बसल्या. कुणी कुणाला सांगितलं नाही. बघता बघता तिची पात उरकली. मी खुरपं हातात धरून बघतच राहिलो. इतकी वर्षं माझ्याच रानात हे होत आलं असणार, आणि मी फक्त मागं कोण राहिलं तेवढं बघत आलो होतो. छाती भरून आली, लाजही वाटली.

मग ध्यानात आलं, आता मागं राहिलेला मी एकटाच. आता हसतील. हसल्याच. हसत हसतच मावशी म्हणाली, "चला गं, मालकाची पात लय मागं हाय. हात लावा."

सहाहीजणी माझ्या पातीला समोरून बसल्या. सगळ्यांत पुढं ती पोरगी. खुरपत खुरपत माझ्यापर्यंत आली, माझ्या पातीतलं शेवटचं तण तिनंच उपटलं, आणि खालच्या मानेनं विचारलं, "मालक, मग उद्या येऊ का?"

"या, बाई," मी म्हणालो.