डबल क्लचचा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर बदलायचं ठरलं तेव्हा घरात ज्याला त्याला मत होतं. कुणाला रंग लाल हवा, कुणाला डोक्यावर टप हवा, माझ्या नवऱ्याला गाणी वाजली पाहिजेत. माझं मत क्लचबद्दल होतं आणि ते ऐकून सगळे हसले. शहरात नोकरी करणारी, तिथंच गारखेड्यातल्या फ्लॅटमध्ये राहणारी, सुट्टीच्या दिवशी गंगापूरकडच्या शेतावर येणारी धाकटी सून. तिला क्लचमधलं काय कळतंय! मी मुळात तापट. कुणी हसलं की माझा पारा आणखी चढतो.

हा क्लच माझ्या डोक्यात बसला तो आदल्या उन्हाळ्यात. आमच्याकडं ज्वारीचा कडबा भरपूर आणि जनावरंही भरपूर. कडबा अख्खा टाकला की जनावरं निम्मा पायाखाली तुडवतात, म्हणून तो कडबाकुट्टीच्या मशीनमधून बारीक करून घ्यायचा. मशीन ट्रॅक्टरच्या मागं जोडतात. ट्रॅक्टर जागेवर उभा असतो आणि त्याच्या मागून निघणारा पीटीओचा दांडा गरगर फिरून मशीन चालवतो. माझे मोठे दीर, ज्यांना घरात सगळेच दादा म्हणतात, ते सीटवर बसत. त्यांची बायको, माझी मोठी जाऊ, जिला मी अक्का म्हणते, ती मशीनच्या तोंडाशी उभी राहून कडबा आत लावायची. मी तिच्या हातात पेंढ्या द्यायची. वर्षानुवर्षं हीच रीत.

त्या दिवशी उन्हापासून बचाव म्हणून अक्कानं साडीवर दादांचा जुना शर्ट चढवला होता. त्याची बाही कडब्याबरोबर आत गेली. मी किंचाळले, "दाबा!" दादांचा पाय क्लचवर पडला. जुना ट्रॅक्टर सिंगल क्लचचा. पाय पडला की चाकांचा जोर सुटतो आणि पीटीओचाही. मशीनचं तोंड कडब्यानं गच्च भरलेलं होतं, त्यामुळं जोर तुटताच ते जागच्या जागी बसलं. बाही फाटली, मनगटाची कातडी सोलली, पण हात वाचला. अक्का हळद लावून पुन्हा कामाला उभी राहिली. नंतर कितीतरी दिवस जेवायला वाढताना तिचा हात समोर आला की मी आधी मनगटाकडंच बघायची.

आणि आता दादांना डबल क्लचचा ट्रॅक्टर घ्यायचा होता.

शोरूममधल्या माणसानं दादांना, अक्काला आणि मला खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि घडाघडा सुरुवात केली. "देखो दादा, आठ गिअर पुढं, दोन मागं. एकदम मख्खन. गठ्ठे बांधायचं मशीन लावायचं म्हणता ना? मग डबल क्लचच पाहिजे." दादांच्या मनात तेच होतं. उसाचं पाचट, गव्हाचं काड, पडीक रानातलं गवत, सगळ्याचे गठ्ठे बांधून ठेवायचे, म्हणजे उन्हाळ्यात वैरणीसाठी वणवण नको. त्या माणसानं समजावून सांगितलं ते खरंही होतं. डबल क्लचमध्ये पाय अर्धा दाबला की फक्त चाकं थांबतात, पीटीओ चालूच राहतो. पुढ्यात गवताचा ढीग जास्त आला तर गाडी थांबवायची, मशीन तेवढं गिळून घेतं, मग पुढं निघायचं. पीटीओ थांबवायचा असेल तर पाय तळापर्यंत दाबायचा.

"आणि मशीनमध्ये कुणाचा हात गेला, आणि घाईत पाय अर्धाच पडला तर?" मी विचारलं.

"नाही पडत हो वहिनी. आदत हो जाती है. आठ-पंधरा दिवसांत पायाला कळतं."

"आणि त्या पंधरा दिवसांत आम्ही हात कुठं ठेवायचे?"

त्यानं आणखी एक चहा मागवला. दादांच्या कपाळावर आठी पडली. घरी जाताना जीपमध्ये अक्काच आम्हा दोघांच्या मधे बसली होती आणि ती उगाच खिडकीबाहेरच्या कपाशीबद्दल बोलत राहिली.

पुढं असं ठरलं की शोरूमवाल्यांनी ट्रॅक्टर शेतावर आणून दाखवायचा. मी रजा टाकली. निघताना पिशवीत एक जुनेर घातलं, माझीच विटलेली सुती साडी. नवऱ्यालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं मला शांत केलं असतं, आणि मला शांत व्हायचं नव्हतं.

शेतावर पोचले तेव्हा नवा ट्रॅक्टर कुट्टीला जोडून तयार होता. दादा वर बसले होते, खूश होते. शोरूमचा माणूस बाजूला उभा राहून त्यांना क्लच दाखवत होता: हा अर्धा, हा पूर्ण. दादा मान हलवत होते. दोनदा त्यांनी दाबूनही दाखवला, अगदी बरोबर.

"अक्का, आज मी लावते. तू पेंढ्या दे," मी म्हटलं.

"कामून? तुला सवय नाय."

"दे तर."

मशीन सुरू झालं. भुसा उडायला लागला. मी हात लांब ठेवून पेंढी पुढं सरकवत होते. दादा आता सैलावून बसले होते. मी पिशवीतली साडी काढली, तिचं टोक पेंढीत खुपसलं, पेंढी आत ढकलली, मागं उडी मारली आणि जीव खाऊन ओरडले, "दाबा! दादा, दाबा!"

त्यांनी दाबला. मी पाहिलं, पाय लगेच पडला. ते चुकारपणा करणारे नाहीत. पण जुन्या ट्रॅक्टरवर जेवढा दाबायचा तेवढाच पडला, आणि मशीन फिरतच राहिलं. साडी वितीवितीनं आत चालली. दादा वळून बघत होते, पाय दाबून धरलेला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, 'मी दाबलाय की, मग हे थांबत का नाही?' एवढंच होतं. शोरूमचा माणूस ओरडला, "पूरा दबाओ! पूरा!" तेव्हा कुठं पाय तळाला गेला आणि मशीन थांबलं. बाहेर फक्त काठाचा एक तुकडा लोंबत होता.

अक्का माझ्या शेजारीच उभी होती. ती त्या तुकड्याकडं बघत होती.

दादा खाली उतरले आणि माझ्यावर तुटून पडले. "येड लागलं का तुला? दुसऱ्याचा ट्रॅक्टर हाय त्यो! असं कुनी करतं का?"

"हात गेला असता तर परवडला असता का?" मीही मागं हटले नाही.

"नवा हाय म्हनून झालं. सवय व्हईल."

"आणि सवय होईपर्यंत?"

"मग काय सिंगलचा घेऊ? गठ्ठ्याचं मशीन घडीघडीला तुंबंल. ते तुंबल्यावर आत हात घालून कोन उपसनार? मीच ना? माझा हात काय लाकडाचा हाय?"

ते खोटं बोलत नव्हते. मला नुसता राग येत होता, ट्रॅक्टरचा, त्यांचा, सगळ्याचाच. शोरूमच्या माणसानं इंजिन बंद करून मशीनच्या रुळांमधल्या चिंध्या ओढून काढायला घेतल्या होत्या, आणि आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता तेच बघत उभे होतो.

तेवढ्यात अक्का म्हणाली, "मला वर बसू द्या."

"कशाला?" दादा म्हणाले. "तुला कुटं चालवता येतो?"

"चालवायचा कुटं हाय? उभाच असतो की. दाबायचाच तर हाय." तिनं पदर खोचला. "तुमी लावा कडबा."

दादा हसले. मग तिच्याकडं बघून हसायचे थांबले. ती चढलीसुद्धा होती. शोरूमच्या माणसानं तिला क्लच समजावला. तिनं दाबून पाहिला, पाय तळाला पोचेना तशी सीटच्या कडेला सरकून बसली आणि पुन्हा दाबला. मशीन सुरू झालं.

दादांनी पेंढी उचलली. त्या मशीनसमोर ते आयुष्यात पहिल्यांदा उभे होते. पहिली पेंढी त्यांनी लांबूनच भिरकावली, ती तोंडाशी आडवी अडकली. ती सरळ करायला हात पुढं करावा लागणार होता. त्यांनी हात पुढं केला, मागं घेतला, वर अक्काकडं पाहिलं, मग पुन्हा पुढं केला. मला त्यांचा राग आलेला होता तरी त्या क्षणी मी दोन पावलं पुढं सरकले. दुसरी पेंढी. तिसरी. प्रत्येक वेळी ते आधी वर बघत. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. शेवटी त्यांनी ओरडायलाही तोंड उघडलं नाही, नुसता एक हात वर केला, आणि मशीन थांबलं. अक्का क्लचवर जवळजवळ उभीच राहिली होती.

दादा रुमालानं तोंड पुसत तिच्याजवळ गेले. "मी वरडलो बी नाय. तुला कसं कळलं?"

"मी तुमच्याकडंच बघत व्हते," ती म्हणाली. "सारखी."

शोरूमचा माणूस चिंध्या गोळा करायचा सोडून दुसरीकडंच बघायला लागला. मग दादांनी तिला विचारलं, "मंग कोनता घ्यायचा?"

"डबलचाच घ्या."

मी चमकून तिच्याकडं पाहिलं. एवढं सगळं मी तिच्यासाठी मांडलं होतं.

"सिंगलचा घेतला अन् गठ्ठ्याचं मशीन तुंबलं, तर तुमी चालू मशीनमधी हात घालनारच," ती दादांना म्हणाली. "मी तवा शेतात नसंन. कोन दाबनार मंग? कुट्टीच्या दिवशी मात्र वर मी बसनार."

दादांनी तिला उतरायला हात दिला. तिनं गेल्या उन्हाळ्यात सोललेल्या मनगटाचाच हात त्यांच्या हातात ठेवला आणि उतरली. मला रडू फुटलं. कडब्याचा भुसा डोळ्यात गेलाय असं म्हणून मी हौदाकडं चालायला लागले.