देवघराशेजारची खोली

आमच्या आईचं कौतुक करताना सगळे एकच म्हणायचे, म्हातारीचा कुणाला काही त्रास नाही. भाऊ म्हणायचा, भावजय म्हणायची आणि मीही म्हणायचे. नाशिकरोडला माझ्याकडे चार दिवस राहायला आली की मी शेजारणींना तोऱ्यात सांगायचे, आमची आई दिवसभर काही म्हणजे काही मागत नाही. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मखमलाबाद रस्त्याला आमचा मळा होता. वडील लवकर गेले. तेव्हापासून आईनेच मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर पिकवला आणि गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, भाजीबाजारात बसून विकला. त्यावर आम्ही दोघं शिकलो. पुढे शहर मळ्यापर्यंत येऊन ठेपलं, प्लॉट पडले आणि उरलेल्या जागेवर भावाने दुमजली बंगला बांधला. वर दोन बेडरूम, दोन्हींना आतच संडास-बाथरूम. खाली हॉल, स्वयंपाकघर, संगमरवरी देवघर आणि देवघराला लागून आईची खोली. वास्तुशांतीच्या दिवशी भाऊ ज्याला त्याला हाताला धरून ती खोली दाखवत होता. आईला देवाशेजारची जागा दिली याचं त्याला मनापासून समाधान होतं. बायका म्हणाल्या, म्हातारीने नशीब काढलं. माझाही ऊर भरून आला होता, खोटं कशाला सांगू.

देवघराच्या भिंतीला संडास चालत नाही, म्हणून खालचा संडास काढला मागच्या अंगणात, कंपाउंडच्या कोपऱ्यात. म्हणजे आईने हॉल ओलांडायचा, स्वयंपाकघर ओलांडायचं, मागचं दार उघडायचं, तीन पायऱ्या उतरायच्या आणि धुण्याभांड्याच्या ओल्या फरशीवरून जायचं. तिला सत्तरी लागलेली आणि बाजारात मांडी घालून घालून गुडघे कामातून गेलेले. हे ना इंजिनिअरच्या डोक्यात आलं, ना भावाच्या, ना माझ्या. नकाशा टेबलावर पसरला तेव्हा मीही तिथे चहा पीत बसले होते. खिडक्यांच्या पडद्यांचा रंग कोणता असावा यावर मी अर्धा तास बोलले.

वर्षभरात ती त्या फरशीवर एकदा घसरली. हाड वाचलं. भावजयीने मायेनेच सांगितलं, आई, यापुढे एकट्या जायचं नाही, मला हाक मारायची. भावजय वाईट नव्हती. या सगळ्यात वाईट कुणीच नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

दोनेक वर्षांनी ऐन मे महिन्यात भावाचा फोन आला, आईचं डोकं फिरल्यासारखं झालंय. मी गेले तर आईच्या खोलीला बाहेरून कडी. ती उठून कुठेही जायला बघते, म्हणून लावली म्हणे. आत आई गादीवर बसून जुन्या गिऱ्हाइकांशी मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होती. मला तिने ओळखलं नाही. ओठ फुटलेले, जीभ कोरडी ठक्क. शेजारी देवघरात मात्र निरांजन लावलेलं, उदबत्ती चाललेली. भाऊ म्हणाला, ताई, हे म्हातारपण आहे, आता असंच चालायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कडी काढली ती पुन्हा लावू दिली नाही. रिक्षा बोलावली आणि तिला दवाखान्यात घेऊन गेले; मागोमाग भाऊ-भावजयही आले.

डॉक्टरांनी तिच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. त्यांनी विचारलं, या दिवसभरात पाणी किती पितात? मी भावाकडे पाहिलं, भावाने भावजयीकडे पाहिलं. तिघांपैकी एकालाही सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, वेडबिड काही नाही, अंगातलं पाणी आटलंय, लघवीत जंतू झालेत, म्हणून भ्रम होतोय. सलाईन लागलं, औषधं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने डोळे उघडून मला विचारलं, तू कधी आलीस, जेवलीस का?

मी रडले नाही, चिडले. पाणी का प्यायली नाहीस म्हणून तिलाच फाडून खायला निघाले.

"बाजारात कुठं होता गं संडास?" आई म्हणाली. "सकाळी चहा घेतला का सांजेपर्यंत पाण्याला शिवायचं नाय. सवय हाय मला. सूनबाईला किती येळा हाक मारायची? आन देवाच्या भिंतीला संडास मागू का मी?"

मी तिथून तडक बंगल्यावर गेले आणि भावाला सांगितलं, आईच्या खोलीला लागून संडास हवा, देवघराच्या जागेवर. तो चपापला. देवाची जागा मोडायची? भाऊबंद काय म्हणतील? मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला बंगल्याच्या बाजूच्या बोळात नेलं. त्याच्या बेडरूमच्या संडासाचा जाड पाइप तिथे वरून खाली येत होता, बरोबर देवघराच्या भिंतीला चिकटून.

"तुझं सगळं रोज देवाच्या पाठीवरून खाली जातं," मी म्हणाले. "ते चालतं ना? मग आईचंही चालेल."

त्याने मान वर करून तो पाइप वरपासून खालपर्यंत पाहिला. मग आत गेला आणि गवंड्याला फोन केला. देव हॉलमध्ये आले. देवघराच्या जागी कमोड बसला, भिंतीला धरायला दांडी आली. पोरीने माहेरचे देव हलवले, असं भाऊबंदांत कितीतरी दिवस चघळलं गेलं. चघळोत. मला त्याची लाज तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

आई पुढे सहा वर्षं जगली. डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं, दांडी धरून आपली आपण जात होती. पण तोंडाला ग्लास लावण्याआधी ती थांबायची, समोर जे कुणी असेल त्याच्याकडे पाहायची आणि विचारायची, "पिऊ का?" ज्या मळ्याला तिने हयातभर पाणी भरलं, त्याच जमिनीवर बसून विचारायची. भावजय म्हणायची, अहो आई, विचारता काय, प्या की. आई प्यायची. पुढच्या ग्लासाला पुन्हा विचारायची.