नकोकाका गवत कापायला जातात

गवत कापायची मशीन विकणारा माणूस म्हटलं की एखादा गोडबोल्या डोळ्यांपुढे येतो. नकोकाका त्यातले नव्हते. गिऱ्हाईक दुकानात शिरलं आणि थेट त्या मोठ्या, लाल, पेट्रोलवर चालणाऱ्या मशीनपुढे जाऊन उभं राहिलं, की काका काउंटरमागून शांतपणे म्हणायचे, "ते तुम्हाला नको."

मग चौकशी सुरू. गवत किती पावलं लांब, किती पावलं रुंद? जमीन सपाट की उताराची? झाडांची मुळं वर आलीत का? शेवटचं कधी कापलं होतं? शेजारी कसे आहेत, आवाज चालवून घेतील का? तुमची पाठ कशी आहे? मशीन ठेवणार कुठे? आणि सगळ्यात शेवटी, चष्मा कपाळावर सरकवून, "ढकलणार कोण?" या प्रश्नाला नवरा "मी" म्हणायचा आणि बायको त्याच्याकडे नुसती बघायची. मग काका तिच्या उंचीला जमेल अशा दांड्याचं मशीन काढायचे.

सुरुवातीची काही वर्षं मालकांनी कपाळाला हात लावला. पेट्रोलचं न्यायला आलेला माणूस बॅटरीवरचं घेऊन जायचा, आणि बॅटरीवरचं न्यायला आलेला साधं हाताने ढकलायचं. एकाला तर काकांनी नुसता विळा देऊन घरी पाठवलं होतं. पण या दुकानातून गेलेलं मशीन कधी परत येत नसे. गिऱ्हाईक तेवढं परत यायचं, सोबत मेव्हण्याला नाहीतर साडूला घेऊन. शेवटी मालकांनी त्यांचा नाद सोडला. 'नकोकाका' हे नाव कुणी पाडलं ते माहीत नाही, पण खरं नाव आता पगाराच्या पाकिटावरच उरलं होतं.

अशी चौतीस वर्षं झाली. आणि एवढ्या वर्षांत या माणसाने स्वतः गवताची एक काडी कापलेली नव्हती. काका तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचे. गॅलरीत तीन कुंड्या, त्यांनाही पाणी बायको घालायची. कुठलं मशीन कुठे अडतं, पात्याला धार कधी लावायची, सगळं तोंडपाठ, पण ऐकून आणि वाचून. ते कुणाशी खोटं बोलले नव्हते. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

काकांना एकच मुलगी. अडतीस वर्षांची. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करायची, आणि तिच्या हातची कवळी तोंडात बसली की बसली, असं तिथले लोक सांगायचे. काकांना तिचा केवढा अभिमान. पण तो त्यांनी दुकानात येणाऱ्या परक्या माणसांना सांगितला होता, तिला नाही. तिच्या वाट्याला त्यांचा तो एक शब्द आला. गाण्याचा क्लास? नको, परीक्षा तोंडावर आलीय. मैत्रिणींबरोबर सहल? नको. दुसऱ्या गावातली चांगली नोकरी? ती तर नकोच.

पाच महिन्यांपूर्वी तिने बसच्या शेवटच्या थांब्याजवळ एक जुनं बैठं घर घेतलं. स्वतःच्या हिमतीवर, कुणाला न विचारता. सगळं पक्कं झाल्यावर किल्ल्या दाखवायला ती घरी आली. काकांनी पेपरातून मानही वर केली नाही. म्हणाले, "ते घर तुला नको. एकटी बाई, जुनं छप्पर. दोन महिन्यांत परत येशील बघ." तिने किल्ल्या पर्समध्ये टाकल्या, आईने वाढलेलं मुकाट्याने जेवली आणि गेली.

त्यानंतर तिचा फोन यायचा तो आईला. काकांनी उचलला तर पलीकडून दोनच शब्द येत, "आईला द्या." पाच महिने हेच. तरी फोन वाजला की काका बायकोच्या आधी उठायचे, कारण ते दोन शब्द का होईना, तिच्या आवाजात ऐकायला मिळायचे. लेकीने आपल्याशी बोलावं, यापलीकडे त्यांना दुसरं काही नको होतं. पण ते तसं म्हणणार कसे? माघार घ्यायची म्हणजे काय करायचं, हे त्यांना या वयात कोण शिकवणार.

एके दिवशी बायकोने बातमी आणली. "तिच्याकडचं गवत गुडघ्याच्या वर गेलंय. शेजारच्या बाईंनी तक्रार केली, त्याचं बी म्हणे त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना चिकटतं. मशीन घ्यायचं म्हणतेय. तुम्हाला सांगू नको म्हणाली, म्हणून सांगतेय."

काकांनी पेपर घडी करून ठेवला. त्यांना वाटलं, देवच पावला. जगात आपल्याला कळतं असं जे एकमेव आहे, नेमकी त्याचीच तिला गरज पडली.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात मशीनांच्या रांगेतून दोनदा फिरले आणि त्या मोठ्या, लाल मशीनपाशी थांबले. मागे कापलेलं गवत साठवायला भली मोठी पिशवी, चाकं आपोआप पुढे ओढणारी. मालकांना म्हणाले, "हे रविवारी नेतो. मुलीसाठी."

मालकांनी विचारलं, "गवत किती आहे तिच्याकडे?"

"बघू तिथे गेल्यावर."

मालक त्यांच्याकडे बघतच राहिले. माणसाची तब्येत बरी नसावी असं त्यांना वाटलं.

रविवारी सकाळी टेम्पो दारात थांबला. मुलीने फाटक उघडलं, आधी मशीनकडे बघितलं, मग बापाकडे. "आलात?" एवढंच म्हणाली. टेम्पोवाल्याला पाणी विचारलं. काकांना नाही विचारलं, पण फाटकही लावून घेतलं नाही, म्हणून काका आत गेले.

घर बुटकं होतं, खिडक्यांचा रंग उडालेला, आणि समोर सगळं गवतच गवत. फाटकापासून पायरीपर्यंत माणसाच्या येण्या-जाण्याने पडलेली एक वाट, बाकी वाऱ्यावर हलणारी शेंड्यांची दाटी. काकांनी बाह्या वर केल्या. दोरी ओढली. मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झालं, तेवढं काम त्यांनी दुकानात हजारदा करून दाखवलं होतं. ते ऐटीत पुढे निघाले.

चौथ्या पावलाला मशीनचा आवाज जाड झाला. सहाव्या पावलाला ते हुंदका दिल्यासारखं थरथरलं आणि बंद पडलं. खाली ओल्या गवताचा बोळा पात्याभोवती गच्च गुंडाळला होता. मशीन चुकून सुरू होऊ नये म्हणून काकांनी नियमाप्रमाणे आधी प्लगची टोपी काढली, बोळा उपसला आणि पुन्हा दोरी ओढली. पुन्हा सहा पावलं. पातं सगळ्यात वर उचलून पाहिलं. आठ पावलं. शेजारच्या बाईंचा पडदा दोनदा हलला. तासाभरात एका खाटेएवढी जागा मोकळी झाली, तीही कापल्यासारखी दिसत नव्हती, कुणीतरी उपटल्यासारखी दिसत होती. काकांचा शर्ट पाठीला चिकटला.

गुडघ्याच्या वर गेलेलं गवत मशीनला झेपत नाही. आधी विळ्याने निम्म्यावर उतरवा, चार दिवस जाऊ द्या, मग मशीन. हे वाक्य काका झोपेतही बोलले असते. चौतीस वर्षांत किती जणांना सांगितलं, त्याची मोजदाद नाही. पण मुलीच्या दारात काहीतरी मोठं घेऊन जायचं होतं, आणि त्या भरात वाक्य दुकानातच राहिलं.

मुलगी पायरीवरून उठून जवळ आली. पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. "बाबा, पुरे आता."

"मशीन चांगलं आहे गं. जरा गवतच..."

"मशीन चांगलंच आहे. मला नको आहे."

काका पाणी प्यायचे थांबले. समोरून हा शब्द ऐकायची त्यांना सवय नव्हती.

"या इकडे," ती म्हणाली आणि त्यांना घराच्या मागे घेऊन गेली. मागचा निम्मा पट्टा कापलेला होता. एकसारखा, वीतभर उंचीचा, आणि कापलेल्या गवताचे ढीग भिंतीकडे ओळीने सुकत घातलेले. काकांनी वाकून बघितलं.

"हे कुणी केलं?"

"मीच. कामावरून आले की रोज अर्धा तास. आधी विळ्याने निम्म्यावर आणायचं, चार दिवस सोडायचं, मग मशीन."

"कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच."

"मी कधी सांगितलं?"

"मला नाही. गिऱ्हाइकांना." तिने पायाने एक काडी बाजूला सारली. "शाळा सुटल्यावर आई कामावरून येईपर्यंत मी तुमच्या काउंटरमागे गृहपाठ करत बसायचे. सहा वर्षं. तुमचे सगळे प्रश्न पाठ आहेत मला. पाठ कशी आहे, आवाज चालतो का, ढकलणार कोण. मला वाटायचं, माझे बाबा माणसाला किती विचारतात. मग आपण घरी यायचो, आणि मला मात्र नुसतंच नको."

तिचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं, काकांनीही आवाज चढवला असता. पण ती कवळीचा दात बसवताना बोलावं तशी, जपून आणि शांतपणे बोलत होती. 'तुझ्या भल्यासाठीच ना' हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलं. आणि इथे त्यांचं कौतुक करायला हवं, की ते त्यांनी गिळलं. त्यांना लाज वाटली. अनोळखी माणसाच्या पाठीची चौकशी करणारा मी, आणि पोटच्या पोरीला एकदाही विचारलं नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि ते मागच्या पायरीवर बसले.

तिथूनच त्यांनी विचारलं, "हे घर का घेतलंस?"

"आता विचारताय?"

"आता विचारतोय. उशीर झालाय, माहीत आहे."

ती मग त्यांच्या शेजारी, हातभर अंतर सोडून बसली आणि सांगायला लागली. दिवसभर दिव्याखाली मान घालून लोकांचे दात बघायचे, कवळ्या घासायच्या मशीनचा आवाज कानात. संध्याकाळी डोळ्यांना काहीतरी लांबचं बघायला हवं असतं. आणि दोन गल्ल्या पलीकडे गाणं शिकवणाऱ्या एक बाई राहतात. त्यांच्याकडे जायला लागलेय. सूर अजून लागत नाही, पण इथे खालचे लोक काठीने छत ठोकत नाहीत, खाली कुणी नाहीच.

"छप्पर गळतं का?"

"एका कोपऱ्यात. बादली ठेवते."

'मी म्हटलं नव्हतं?' हेही काकांनी गिळलं. आज त्यांचं पोट भरत आलं होतं. विचारलं, "गवत? सगळं काढायचं?"

"नाही. भिंतीकडचं उंचच राहू द्यायचं. चिमण्या येतात बी खायला. शेजारच्या बाईंकडचं तेवढं काढते."

किती कापायचं हे काकांनी आयुष्यभर विचारलं होतं. किती ठेवायचं, हे कुणाला विचारावं असं कधी सुचलंच नव्हतं.

"मग उरतं किती?"

"पुढचं. पंधरा पावलं बाय दहा. सपाट आहे, मुळं नाहीत. हाताने ढकलायचं, बिनमोटरचं पुरतं. दांडा माझ्या कोपरापर्यंत येणारा. आवाज नको, संध्याकाळी रियाज असतो."

काकांनी यात कुठे चूक सापडते का ते बघितलं. सापडली नाही. "बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांचं त्यांनाच ते ऐकायला विचित्र वाटलं.

मग ते घसा साफ करून म्हणाले, "मला जरा विळा दाखव. मी गवत कधी कापलेलं नाही."

मुलीने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "कधीच?"

"तिसऱ्या मजल्यावर कुठलं गवत?"

ती हसायला लागली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले, पुन्हा त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा सुरू झाली. काकांना आधी राग आला, मग त्यांनाही हसू आवरेना. चौतीस वर्षं गावभर सल्ले दिले, आणि विळ्याची मूठ कुठली हेही धड माहीत नाही. शेजारचा पडदा आता उघडाच राहिला.

"डाव्या हाताने मूठभर धरायचं," ती त्यांच्यापुढे उकिडवी बसून शिकवायला लागली. "पातं आडवं. मारायचं नाही, आपल्याकडे ओढायचं. ती बोटं आत घ्या. बाबा, बोटं."

काकांनी बोटं आत घेतली. ती सांगेल तसं धरलं, सांगेल तसं ओढलं. ओळ वाकडीतिकडी झाली. तिने 'अहं' केलं की ते थांबायचे आणि पुन्हा धरायचे. टेम्पो न्यायला आला तोवर जेमतेम दोन हात गवत निघालं होतं आणि गुडघे बोलायला लागले होते. लाल मशीन परत चढवलं गेलं.

"उरलेलं?" काकांनी टेम्पोत चढता चढता विचारलं.

"पुढच्या रविवारी करू," ती म्हणाली आणि फाटक लावून आत गेली.

घरी बायकोने दार उघडलं. तिची नजर आधी त्यांच्या पॅन्टच्या गुडघ्यांवर गेली. "पडलात की काय?"

"नाही."

"बोलली का?"

"बोलली."

"काय म्हणाली?"

किती काय काय म्हणाली होती. सुरुवात कुठून करावी ते काकांना कळेना, म्हणून त्यांनी शेवटचं सांगितलं. "राहिलेलं गवत पुढच्या रविवारी करू म्हणाली."

बायकोने हातातलं फडकं खाली ठेवलं. "करीन म्हणाली, की करू म्हणाली?"

एक चप्पल पायात, एक हातात, असे काका दारातच थांबले. टेम्पोत बसून इतक्या लांब आले, पण हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"करू म्हणाली गं," ते म्हणाले, आणि हातातली चप्पल पुन्हा पायात घालायला लागले.