नरसय्याला ऐकू येणारं इंजिन

नरसय्याच्या घरात फोनवरसुद्धा सगळे ओरडूनच बोलतात. वर्षानुवर्षं त्याच्याशी बोलून बायकोला आणि मुलीला तशी सवयच लागलेली. दीड महिन्यापूर्वी सकाळी त्याच्या मुलीचा फोन आला. "काका," एवढंच ती म्हणाली, पण इतक्या हळू आवाजात, की पुढचं मला कळून चुकलं. नरसय्याचं दुखणं वर्षभराचं होतं, त्यामुळे धक्का बसला असं म्हणणार नाही. वाईट मात्र फार वाटलं. चहा तसाच ठेवून मी भवानी पेठेकडे निघालो.

आमची ओळख सत्तरच्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांतली. मी कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होतो, तो पॉवरलूमच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे बिघडलेले माग ताळ्यावर आणणारा. कॉलेजच्या प्रदर्शनात मी एक मॉडेल विमान ठेवलं होतं. सगळे बघून पुढे गेले, हा मात्र तासभर तिथंच उभा. शेवटी म्हणाला, "उडतंय का नुसतं ठेवलाव?" मी म्हटलं, रविवारी ये. तो आला, आणि मग पंधरा वर्षं आमचे रविवार तिकडेच गेले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तेव्हा बरेच प्लॉट मोकळे होते, त्यातल्याच एकावर आम्ही उडवायचो. ही विमानं तारेवरची. विमानाच्या पंखातून दोन बारीक पोलादी तारा निघतात, त्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या मुठीला बांधलेल्या. विमान त्याच्याभोवती गरगरा फिरतं, मूठ कलती केली की वर चढतं, खाली येतं. माणूसही त्याच्याबरोबर फिरत राहतो. मला दहा फेऱ्यांत गरगरायचं, नरसय्याला कधीच नाही.

त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता, पण विमानं तोच जास्त फोडायचा. टाकीतलं इंधन संपत आलं, की इंजिनाचा आवाज आधी बारीक, चिरका होतो आणि मग इंजिन बंद पडतं. त्या चार-पाच सेकंदांत विमान खाली, जमिनीला समांतर आणायचं असतं. नरसय्या नेमका तेव्हा गिरकी मारायला वर चढवायचा. इंजिन डोक्यावर बंद पडायचं, तारा सैल व्हायच्या आणि तीन महिन्यांची मेहनत खडकावर आपटायची. मी कडेवरून बोंबलत असायचो, "संपलं, खाली घे." हा ढिम्म. नंतर म्हणायचा, डोळ्यांवर ऊन आलं. मी त्याची फार टिंगल करायचो. 'सूर्यनारायण' असं नावच ठेवलं होतं मी त्याला. तो हसायचा. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

पुढे माझ्या जहाजावर नोकरी करणाऱ्या मावसभावानं जपानहून एक नवीन इंजिन आणलं. चार स्ट्रोकचं. मॉडेल विमानाला आमची सगळी इंजिनं दोन स्ट्रोकची, हलकी, कर्कश्श. हे वजनाला जवळजवळ दुप्पट आणि ताकदीला कमीच. मी ते कपाटात शोभेला ठेवणार होतो. नरसय्यानं ते एकदा माझ्या टेबलावर चालू करून पाहिलं आणि म्हणाला, "हेच लावायचं."

"अरे, नाकावर दगड बांधल्यासारखं होईल. उडणार नाही ते."

"उडवतो की मी. तू दे फक्त."

आमचं चांगलंच वाजलं. हट्टाला पेटलेल्या माणसापुढे मी काय बोलणार... दिलं. दोन रविवार मात्र मी त्याच्याकडे फिरकलो नाही. तिसऱ्या रविवारी राहवेना म्हणून गेलो, तर त्यानं विमान निम्मं उभं केलेलं. नाक चार बोटं आखूड केलं होतं, शेपूट लांबवली होती, पंख रुंद घेतला होता. इंजिन धरायला शेडमधल्या झिजलेल्या धोट्यांचं लाकूड वापरलं होतं. माग चालताना सूत घेऊन धावणारा धोटा दिवसभर आपटतो आणि फुटत नाही, तर इंजिनाच्या हादऱ्यानं काय फुटणार, हा त्याचा हिशेब. मी भांडण विसरून खाली बसलो आणि पॉलिश पेपर हातात घेतला.

खरा घोळ टाकीचा झाला. टाकी आम्ही वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापून, डाग देऊन बनवायचो. जागा होती तिथं, म्हणजे बरीच मागं, ती बसवली. विमान जमिनीवर नीट चाललं, हवेत अर्ध्या फेरीत बंद. या इंजिनाची ओढ कमी, लांबून इंधन खेचायची ताकदच त्याला नाही. मग टाकी चपटी केली, इंजिनाला खेटून बसवली, मध्य बरोबर कार्ब्युरेटरच्या उंचीला आणला. फिरताना इंधन बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, म्हणून आतली नळी त्या कोपऱ्यापर्यंत वाकवून नेली. चार टाक्या झाल्या. पाचवी बसवून आम्ही त्याच्या अंगणात इंजिन चालू केलं. मी विमान उभं धरलं, आडवं धरलं, उलटं केलं. आवाज एकसारखा, जाड, धडधड धडधड. दुसऱ्या इंजिनांच्या वेळी नरसय्या कायम पंखावर तळहात टेकवून असायचा. या वेळी दोन पावलं मागं सरून डोळे मिटून उभा राहिला.

"हे ऐकू येतंय बे," तो म्हणाला.

मी विचारलं, "म्हणजे बाकीची?"

त्यानं इंजिन बंद केलं आणि सांगून टाकलं. बारा वर्षांचा असल्यापासून तो मागांच्या खडखडाटात होता. जाड आवाज त्याला ऐकू यायचा, बारीक ऐकू येणं बंद झालं होतं. जुनं इंजिन चाललंय एवढं त्याला कळायचं, ते बारीक झालेलं कळायचं नाही. शेडमध्ये तो मागावर हात ठेवून दोष ओळखायचा आणि लोकांना वाटायचं, कान किती तयार आहे याचा. "जॉबरचं कान गेलं म्हणल्यावर कोण ठेवणार? घरी पण बोललो नाही मी. तू बी बोलू नको." त्याला स्वतःच्या कानांनी ऐकून एकदा विमान उतरवायचं होतं, एवढंच. 'सूर्यनारायण' हा शब्द त्यानंतर मी कधी काढला नाही.

पुढच्या रविवारी विमान उडालं. जडच होतं, गिरकी मोठी घ्यायचं, पण तारा ताठ. पाच मिनिटं झाली. मी कडेला उभा, आणि ठरवलं होतं, काही झालं तरी ओरडायचं नाही. फुटलं तर फुटलं. मी अक्षरशः तोंडावर हात धरला होता. धडधडीचा ठेका किंचित घाईत आला, आणि मला वाटलं, आता... तर नरसय्यानं माझ्याही आधी विमान खाली घेतलं होतं. इंजिन बंद पडलं, चाकं टेकली, विमान मातीतून घसरत थांबलं. तो तिथंच उकिडवा बसला, मूठ हातात घेऊन. मी पळत गेलो. तो रडत होता आणि हसत होता.

तेही दिवस सरले. पन्नाशीत त्याला जाडही ऐकू येईना. विमानं सुटली, इंजिन त्यानं अंगणात एका फळीवर ठोकून ठेवलं. रविवारी मी जायचो, चालू करायचो, आणि तो समोर खुर्ची टाकून माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. इंधन सुई पिळून कमी-जास्त करायचं; ते जास्त जातंय की कमी, हे माझ्या कपाळावरून त्याला कळायचं. "जरा पीळ की सुई," म्हणायचा, आणि बरोबर असायचं. माझा चेहरा तो इतका वाचायचा, की गेल्या वर्षी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून काय ते सांगितलं, तेव्हा मी जिन्यात दहा मिनिटं थांबून चेहरा नीट करून आत गेलो. त्यानं एकदाच पाहिलं. "कळलं," म्हणाला. तरी पुढचं वर्षभर मी प्रत्येक रविवारी तोंड सांभाळून त्याच्यासमोर बसलो, आणि तो मला ते सांभाळू द्यायचा.

तेराव्यानंतरच्या रविवारी गेलो. राजमणी वहिनी म्हणाल्या, "भावजी, चालू करा की एकदा. घर लई गप झालंय." मी इंधन भरलं, इंजिनाच्या पंख्याला बोट मारलं. तिसऱ्यांदा ते चालू झालं. वहिनी आत चहाला गेल्या होत्या. अंगणात खुर्ची होती, आणि माझ्या तोंडाकडे बघणारं कुणी नव्हतं. टाकी संपेपर्यंत मी हमसून हमसून रडलो.